काडतूस बदललं, वंगण बदललं, तरी सिलिंडर अडकतच होता: एक प्रकरण

पार्श्वभूमी

ह्या प्रकरणातल्या माणसाला आपण अप्पा म्हणू. नाव, गाव, क्लब हे सगळं गाळलंय किंवा बदललंय, बाकी जे घडलं ते घडलं तसंच आहे. अप्पा मूळचे सातारा साइडचे, वय साठीला टेकलेलं, कैक वर्षं टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या आसपास राहतात आणि अमेरिकेचे नागरिक आहेत. नागरिक आहेत हे मुद्दाम सांगतोय, कारण एच-वन सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इकडे बंदूक बाळगायचे नियम एकदम वेगळे आणि कडक आहेत, तेव्हा हात घालण्याआधी वकिलाला विचारा. आणि भारतात बसून वाचणाऱ्यांनी हे नुसतं वाचायचं, कारण आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाही परवाना लागतो.

तर अप्पांना नाद आहे काउबॉय शूटिंगचा. सिंगल अॅक्शन शूटिंग सोसायटी, लोक नुसतं सॅस म्हणतात, तिच्या नियमांनी ह्या मॅचेस होतात. जुन्या काळातले कपडे, प्रत्येकाचं एक टोपणनाव, आणि हत्यारं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यांच्या रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नकला. एका स्टेजला, म्हणजे मॅचच्या एका फेरीला, दोन सिंगल अॅक्शन रिव्हॉल्वर (प्रत्येक बाराआधी हॅमर, म्हणजे घोडा, अंगठ्याने मागे ओढावा लागतो), प्रत्येकात पाचच गोळ्या (गोळ्या बसतात त्या फिरत्या सिलिंडरचं सहावं घर रिकामं आणि हॅमर त्याच्यावर टेकवलेला), लिव्हरवाली रायफल बहुतेक वेळा दहा गोळ्यांची, आणि शॉटगन. समोर लोखंडी प्लेटी. घड्याळ लावून मारायचं, एक प्लेट चुकली की पाच सेकंद वाढतात. रिव्हॉल्वर आणि रायफलीत फक्त शिशाच्या गोळ्या.

बहुतेक जण आजची स्मोकलेस, म्हणजे बिनधुराची, पावडर वापरतात. पण फ्रंटियर कार्ट्रिज नावाची एक कॅटेगरी आहे, तिच्यात काडतुसात काळी पावडर, म्हणजे आपली जुनी बंदुकीची दारू, नाहीतर तिच्या जागी चालणारी मान्य पावडर भरावी लागते, आणि किमान किती धूर निघाला पाहिजे ह्याचीही अट आहे, चिमूटभर टाकून भागत नाही. ही मंडळी उभी राहिली की पाच बारांत समोरचं काही दिसेनासं होतं, वारा पडलेला असेल तर नेम मोजणारेसुद्धा प्लेटीचा आवाज ऐकून मोजतात, आणि वास असा की लक्ष्मीपूजनाची रात्र आठवावी. अप्पा वर्षभर त्या धुराकडे बघत होते, मग म्हणाले, "आपल्याला पण हेच करायचंय."

त्यांच्याकडे होतं ते असं. दोन रिव्हॉल्वर, स्कोफिल्ड ह्या जुन्या अमेरिकन रिव्हॉल्वरच्या इटलीत बनलेल्या रेप्लिका, ४५ कोल्ट नावाचं काडतूस घेणाऱ्या. रायफल १८७३ च्या विंचेस्टर मॉडेलची रेप्लिका, तीही ४५ कोल्टच. म्हणजे एकच काडतूस सगळीकडे, सोयीचं. काडतुसं घरी गॅरेजमध्ये स्वतःच भरायचे, स्मोकलेसची बरीच सवय. ही सवयच पुढे आडवी आली.

अडचण काय होती

स्मोकलेसमध्ये सगळ्यांचा कल हलक्या काडतुसाकडे असतो, कमी धक्का म्हणजे पुढचा बार लवकर. अप्पांनी तोच हिशोब काळ्या पावडरीला लावला. गोळी तीच, दुकानातून आणलेली २०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग), कडक शिशाची, तिच्या खाचेत निळं कडक मेणाचं वंगण. पावडर १.६ सीसीच्या डिपरने, म्हणजे मापाच्या चमच्याने, म्हणजे २४-२५ ग्रेन, आणि वरची रिकामी जागा मक्याच्या पिठाने भरली. जागा भरली हे मात्र बरोबर केलं, काळ्या पावडरीच्या काडतुसात पावडर आणि गोळी ह्यांच्यात पोकळी ठेवायची नसते हे ते वाचून होते.

ह्यूस्टनला सराव केला, पाच-पाच, दहा-दहा बार, काही त्रास नाही. दमट हवा, मे महिना, बंदूक घरी आणली की साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, झालं. मग हिवाळ्यात अॅरिझोनात फिनिक्सच्या बाजूला एक मोठी मॅच होती, दोन दिवसांची, तिथे आम्ही चार-पाच जण गेलो. ती हवा म्हणजे ओठ फुटणारी कोरडी.

पहिली स्टेज मस्त. दुसऱ्या स्टेजला रायफलीचं लिव्हर जड लागायला लागलं आणि अप्पांच्या उजव्या गालावर, चष्म्यावर काळे ठिपके, म्हणजे धूर मागून निघत होता. तिसऱ्या स्टेजला डावीकडच्या रिव्हॉल्वरचा हॅमर दुसऱ्या बारानंतर अंगठ्याने ओढला जाईना. सिलिंडर फिरेचना. रायफलीचे शेवटचे दोन बारही प्लेटीच्या बाजूने गेले, जे अप्पांचे कधी जात नाहीत.

म्हणजे एका दिवसात तीन तक्रारी: सिलिंडर जाम, रायफलीतून मागे येणारी काजळी, आणि नेम बिघडणं. सगळ्यांनी मिळून एकच निदान केलं, "काडतूस खराब आहे". ते तीनातल्या दोन तक्रारींना लागू होतं. तिसरीला नव्हतं, आणि हे कळायला बराच वेळ गेला.

मॅचवरचा निर्णय

हॅमर अडकला तेव्हा रिव्हॉल्वरमध्ये तीन जिवंत काडतुसं होती आणि घड्याळ चालू होतं. अशा वेळी माणूस काय करतो तर दुसऱ्या हाताने सिलिंडर धरून पिळतो, बंदूक तोंडाजवळ आणून बघतो, काही जण टेबलावर आपटतातसुद्धा. अप्पांनी एकदा डाव्या हाताने सिलिंडर ढकलून पाहिला, हलला नाही, लगेच "हे गेलं" म्हणून नळी प्लेटींकडे ठेवून ते टेबलावर ठेवलं आणि पुढची शॉटगन उचलली. तीन न उडालेले बार म्हणजे पंधरा सेकंद बसले. पंधरा सेकंद म्हणजे स्टेज गेली हो, पण ह्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला हाच वाटतो. स्टेज संपल्यावर रेंज ऑफिसर सोबत उभे राहिले आणि अनलोडिंग टेबलावर ते रिव्हॉल्वर सावकाश रिकामं केलं.

मग मॅच सोडायची का पुढे खेळायची? आमच्यातले एक जुने मेंबर, रिटायर्ड मशिनिस्ट, त्यांना आपण मशिनिस्ट आजोबा म्हणू, त्यांच्याकडे स्प्रेची बाटली होती. बॅलिस्टॉल नावाचं जर्मन तेल असतं, ते पाण्यात मिसळलं की दुधाळ होतं, इकडचे लोक त्याला मूस मिल्क म्हणतात. त्यांनी सांगितलं की प्रत्येक स्टेजनंतर रिकाम्या बंदुकीच्या सिलिंडरच्या तोंडावर दोन फवारे मार, हाताने दहा-बारा वेळा फिरव, चिंधीने पूस. अप्पांनी तसं केलं आणि मॅच पूर्ण केली. नंबर विचारू नका.

काजळी होते कशाने

थोडं थांबून हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचे पर्याय कळणार नाहीत. काळी पावडर म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक, ढोबळ मानाने ७५, १५, १० ह्या प्रमाणात. ही जळली की वजनाच्या निम्म्याहून जास्त माल वायू होतच नाही, घनच राहतो, त्यातला काही धूर म्हणून उडतो आणि बाकीचा नळीत, सिलिंडरवर, तुमच्या चष्म्यावर बसतो. हे बहुतेक पोटॅशियमचे क्षार असतात. ते पाणी ओढतात म्हणून दमट हवेत काजळी मऊ राहते, आणि कोरड्या हवेत तीच काजळी वाळून कडक पापुद्रा होतो. ह्यूस्टनमध्ये चाललेलं काडतूस अॅरिझोनात का अडलं ह्याचं अर्धं उत्तर इथे आहे. पाण्यात विरघळतात म्हणून साफसफाई पाण्याने होते, त्याला महागडं सॉल्व्हंट लागत नाही. आणि पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस ह्या काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो, म्हणून वंगण मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेलाचं, मऊ असावं लागतं.

अप्पांच्या गोळीवरचं निळं मेण स्मोकलेससाठी बनवलेलं. दिसायला छान, डब्यात चिकटत नाही, पण काजळी ओली ठेवायला काही उपयोगाचं नाही.

पर्याय

परत आल्यावर अप्पांच्या गॅरेजमध्ये बैठक बसली, चहा-चिवड्यावर. प्रत्येकाकडे एक औषध होतं.

सरळ स्मोकलेसवर परत जा, हा पहिला. अप्पांनी ऐकूनच घेतलं नाही.

दुसरा, काळ्या पावडरीऐवजी ट्रिपल सेव्हन नावाची पर्यायी पावडर वापरा, गंधक नाही, धुवायला सोपी. खरं आहे, पण ती त्याच मापात काळ्या पावडरीपेक्षा जोरकस आहे, म्हणून माप साधारण पंधरा टक्के कमी घ्यायला सांगतात, आणि ती काळ्या पावडरीसारखी दाबायची नसते. म्हणजे पुन्हा कमी पावडर आणि वर भराव, जिथून निघालो तिथेच. पायरोडेक्स ह्या दुसऱ्या पर्यायी पावडरीचाही विषय निघाला. तिच्यात गंधक आहे आणि गंजवायला ती काळ्या पावडरीपेक्षा कमी नाही, साफसफाईचा काही फायदा नाही. अप्पांनी दोन्ही बाजूला ठेवल्या. गोएक्स ह्या काळ्या पावडरीचा लुइझियानातला कारखाना २०२१ मध्ये बंद पडला तेव्हा लोकांना झक मारत ह्या पर्यायांकडे जावं लागलं होतं, नंतर २०२२ मध्ये एस्टेस कंपनीने तो घेतला. आता मिळते काळी पावडर, ऑनलाइन मागवली तर हॅझमॅटची, म्हणजे धोकादायक मालाची, फी बसते म्हणून चार जण मिळून मागवतात.

तिसरा पर्याय एकाने हळूच सांगितला, की काळ्या पावडरीच्या खाली थोडी स्मोकलेस टाक, स्वच्छ जळतं. ह्याच्यावर मात्र आजोबा चिडले. कुणी सांगेल की चालतं, चाललेलं असेलही, पण दोन पावडरी एका काडतुसात स्वतःच्या अंदाजाने मिसळायच्या म्हणजे दाब किती होईल ह्याची खात्री कुणालाच नाही. अप्पांनी लगेच नाही म्हटलं. मला विचाराल तर ह्या विषयावर चर्चासुद्धा नको.

चौथा, कॅलिबरच बदल, ४४-४० हे त्या जमान्यातलं दुसरं काडतूस घे. ह्याच्यात तथ्य खूप आहे. ४४-४० चं ब्रास, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, तोंडाशी फार पातळ असतं, बार उडाला की लगेच फुगून चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. ४५ कोल्टचं ब्रास जाड, हलका बार असेल तर ते नीट फुगतच नाही, आणि मग ब्रासच्या बाहेरून काजळी मागे येते, रायफलीत आणि तुमच्या गालावर. त्या जमान्यात ४५ कोल्टची लिव्हर रायफल कुणी बनवतच नव्हतं, तर ४४-४० मुळात रायफलीसाठीच निघालेलं. पण अप्पांना रायफल, दोन रिव्हॉल्वर, काडतूस भरायच्या डाय, ब्रास सगळं नवीन घ्यावं लागलं असतं. वहिनी आतून ऐकत होत्या, त्यामुळे हा पर्याय तिथेच संपला.

पाचवा पर्याय आजोबांचा होता. "काडतूस हलकं करू नको, भारी कर."

काय केलं

आजोबांनी अप्पांना आधी एक काम लावलं, मॅचवरचं वापरलेलं ब्रास घेऊन बसायला. अप्पांनी ते अजून धुतलं नव्हतं, नशीब. टेबलावर ओळीने मांडलं तर रायफलीतलं जवळपास प्रत्येक ब्रास एका बाजूने तोंडापासून बुडापर्यंत काळं, काळ्या पट्ट्या ओघळल्यासारख्या खालीपर्यंत आलेल्या. म्हणजे ब्रास चेंबरला चिकटलंच नव्हतं. मग नळीत दिवा टाकून बघितलं, चेंबरच्या बाजूला नळी बरी होती आणि पुढच्या तोंडाकडच्या सात-आठ इंचात खरखरीत राखाडी थर. वंगण तिथे पोचेपर्यंत संपत होतं. नेम गेला तो त्यामुळे.

म्हणून तीन बदल ठरले. गोळी मऊ शिशाची, २५० ग्रेनच्या आसपास, आणि जिच्यात वंगणाची खाच मोठी आणि खोल असते अशी, बिग ल्यूब म्हणून साचे मिळतात त्यातली. आजोबा स्वतः ओततात, उघड्या शेडमध्ये, आणि शिशाला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीलाही शिवू देत नाहीत.

वंगणावर मजा झाली. आजोबांचं वंगण मधमाशीचं मेण आणि गाईची चरबी. अप्पा माळकरी. ते डबा हातात धरून माझ्याकडे बघायला लागले आणि म्हणाले, "अरे, ह्याच्यावरून सत्तावन साली उठाव झाला होता." आजोबांना १८५७ ची काडतुसं, गाय-डुकराची चरबी, सगळी स्टोरी सांगितली, त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले मग ऑलिव्ह ऑइल घाल. मेण आणि ऑलिव्ह ऑइल, बोटाने दाबलं की दबेल इतपत मऊ. गंमत म्हणजे तेव्हाही सरकारने मागाहून मेण आणि तेल शिपायांनी स्वतः लावावं अशी मुभा दिली होती, पण वेळ निघून गेली होती. अप्पांचं काम मात्र मेण-तेलावर मस्त भागलं.

तिसरं पावडर. १.६ सीसीचा डिपर ठेवून दिला, २.२ सीसीचा घेतला, टू-एफ पावडर (एफचा आकडा वाढला की दाणा बारीक), साधारण ३३ ग्रेन. मक्याचं पीठ बंद. एवढ्या मापाने पावडर गोळीच्या बुडाच्या थोडी वर येते आणि गोळी बसवताना ती दीड-दोन मिलिमीटर दाबली जाते, हे माप अप्पांच्या ब्रासचं आणि त्या गोळीचं, दुसरी गोळी घेतलीत तर तुमचं तुम्ही बघायचं. १८७३ च्या मूळ काडतुसात ४० ग्रेन बसायचे, पण तेव्हाच्या ब्रासचं बूड आतून पोकळ असायचं, आजचं भरीव असतं, तेवढी जागाच नाही. वरून घट्ट क्रिम्प, म्हणजे ब्रासचं तोंड गोळीवर दाबून आवळायचं. भारी गोळी, पूर्ण बार आणि घट्ट क्रिम्प ह्या तिघांनी दाब जरा वाढतो आणि ब्रास फुगून चेंबरला धरतं. दाब वाढतो म्हणजे धोक्याचा नाही, हा मूळ काडतुसापेक्षा हलकाच बार आहे, आणि सॅसची रिव्हॉल्वरसाठीची सेकंदाला हजार फुटांची मर्यादा ह्याच्या बरीच वर आहे.

इथे एक निर्णय असा घेतला गेला जो वरवर किरकोळ वाटेल. अप्पांच्या बेंचवर स्मोकलेसचे डबे ठेवलेले असायचे. काळी पावडर काढायच्या दिवशी ते सगळे डबे घरातल्या कपाटात कुलपात, बेंचवर एकच डबा, तोही मूळ कंपनीचा, आणि उरलेली पावडर संध्याकाळी त्याच डब्यात परत. कारण काळ्या पावडरीत ब्रास काठोकाठ भरलं तरी ४५ कोल्टला काही होत नाही, पण डोळे झाकून तोच २.२ सीसीचा डिपर चुकून स्मोकलेसच्या डब्यात गेला तर ते रिव्हॉल्वर हातात फुटेल. हाताला भरून टाकायची सवय लागलेली असते म्हणूनच हे जास्त भयानक. पावडर आपोआप मोजून टाकणाऱ्या, प्लास्टिकच्या टाकीवाल्या मेझरचा वादही निघाला, स्थिर विजेने काळी पावडर पेटते की नाही ह्यावर दोन गट आहेत, अप्पांनी वादात न पडता डिपरच ठेवला. हळू आहे. पण मॅचला सहा स्टेज धरल्या तर रिव्हॉल्वर आणि रायफल मिळून १२० काडतुसं, अर्ध्या पाउंडाच्या थोडी वर पावडर, टीव्हीवर क्रिकेट लावून आरामात होतं. (पावडर उघडी असताना टीव्हीही बंद असतो, हे अप्पा मला सांगायला लावतायत.)

पुन्हा तपासणी, आणि खरा घोळ

थंडीतला उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला त्या आठवड्यात मुद्दाम सराव ठेवला, अॅरिझोनासारखी हवा मिळावी म्हणून. रायफलीचा फरक पहिल्या दहा बारांतच कळला. ब्रास बाहेर आलं ते फक्त तोंडाशी काळं, बाकी पिवळं स्वच्छ. नळीच्या तोंडावर ओल्या वंगणाची चांदणी उमटली होती, आठ-दहा टोकांची, काळपट चकचकीत, बोट लावलं तर तेलकट. ही चांदणी दिसली की समजायचं वंगण शेवटपर्यंत पुरलं. चाळीस बारांनंतरही एक ओली चिंधी नळीतून सरळ निघाली. गालावर ठिपके नाहीत.

आणि रिव्हॉल्वर? तिसऱ्या स्टेजएवढे बार झाले आणि डावं रिव्हॉल्वर जड, थोड्या वेळाने उजवंही. पहिल्यापेक्षा जेमतेम एक स्टेज उशिरा.

इथे अप्पा वैतागले. वंगण अजून मऊ करू, पावडर बदलून स्विस ब्रँडची घेऊ, थ्री-एफ घालू, अशी यादी सुरू झाली आणि तीन-चार आठवडे ह्यातच गेले, फरक शून्य. शेवटी आजोबांनी स्कोफिल्ड मधून मोडलं (ही टॉप-ब्रेक असते, नळी पुढे वाकते), सिलिंडर उतरवला आणि म्हणाले काजळी नेमकी कुठे आहे ते दाखवा. चेंबर बरे, नळी बरी, सिलिंडरचं तोंड काळं पण ते काळं होणारच. सगळी घाण होती मधल्या दांडीवर, जिच्याभोवती सिलिंडर फिरतो, अगदी तिच्या नळीकडच्या टोकाला, एक करडं कडक कडं. नखाने निघेना.

बार उडतो तेव्हा नळी आणि सिलिंडर ह्यांच्यामधल्या फटीतून वायू आडवा फुटतो. तो खाली दांडीवर जाऊ नये म्हणून सिलिंडरच्या तोंडाला मध्यभागी एक उंच कॉलर असते, ती वायूला अडवते. मूळच्या स्मिथ अँड वेसन नंबर थ्री मध्ये, ज्याची स्कोफिल्ड ही घोडदळासाठीची सुधारित आवृत्ती, ती व्यवस्थित उंच होती. पण मूळ स्कोफिल्डचा सिलिंडर आखूड होता, त्यात लांब ४५ कोल्ट बसतच नव्हतं, तिचं स्वतःचं आखूड ४५ स्कोफिल्ड काडतूस होतं, आणि कोल्ट व स्कोफिल्ड दोन्ही वापरणाऱ्या अमेरिकन लष्कराला शेवटी दोन्ही बंदुकांत चालणारं आखूड काडतूस काढावं लागलं. आजच्या गिऱ्हाइकाला ४५ कोल्ट हवं, म्हणून रेप्लिकेत सिलिंडर लांब केला, चौकट मात्र फारशी वाढवली नाही, आणि जागा कापली गेली ती कॉलरची. अप्पांच्या सिलिंडरवर कॉलर नावालाच होती. आजोबांनी शेजारी आपली कोल्ट पद्धतीची रेप्लिका ठेवली, तिची बुशिंग, म्हणजे कॉलरचंच काम करणारी मधली नळकांडी, सिलिंडरच्या तोंडातून चांगली पुढे आलेली. दोन्ही बघितल्यावर कुणी काही बोललं नाही.

स्मोकलेसमध्ये हा दोष कधी जाणवत नाही, कारण अडकवायला काजळीच नसते. रेप्लिका वाईट आहे असंही नाही, ती ज्या गिऱ्हाइकासाठी बनली त्याला ती छान चालते.

शेवटी काय ठरलं

तीन गोष्टी शक्य होत्या. कॉलर उंच करून घेणे, म्हणजे नवी कॉलर बसवून नळीचं मागचं टोक कापायचं, आजोबा म्हणाले खर्च नव्या बंदुकीएवढा होईल आणि मी हात लावणार नाही. किंवा स्कोफिल्ड ठेवून दांडीला भरपूर वंगण आणि दर स्टेजला मूस मिल्क. हे चालतं, अॅरिझोनात चाललं होतं, पण दोन बंदुका आणि सहा स्टेज, शिवाय आपल्याला पुढच्या स्टेजवर काम पण असतं, प्लेटी रंगवा, ब्रास गोळा करा. तिसरी, रिव्हॉल्वर बदलणे.

अप्पांचा जीव स्कोफिल्डमध्ये होता. वाकवलं की सगळी ब्रास एका झटक्यात बाहेर, कोल्टसारखं एकेक ढकलत बसायला नको. म्हणून त्यांनी लगेच विकत घेतलं नाही, आजोबांची जोडी एका मॅचपुरती उसनी घेतली, स्वतःच्याच नव्या काडतुसांनी. सहाही स्टेज, दुपारी जेवायच्या सुट्टीत एकदा पुसलं तेवढंच. सिलिंडर शेवटपर्यंत फिरला. त्यानंतर वापरलेली एक कोल्ट रेप्लिका घेतली, काही महिन्यांनी दुसरी. स्कोफिल्ड स्मोकलेससाठी ठेवल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्याच अॅरिझोनाच्या बाजूला मॅच झाली. एकही बार अडला नाही, रायफल दोन्ही दिवस स्वच्छ. वेळ मात्र वाढला, कारण ३३ ग्रेन आणि २५० ग्रेनची गोळी हाताला चांगला धक्का देते, आणि अप्पा आता प्रत्येक बाराला थोडे थांबतात. जुन्या हलक्या काडतुसापेक्षा स्टेजला तीन-चार सेकंद जास्त जातात असं त्यांचं म्हणणं. न उडालेल्या तीन बारांचे पंधरा सेकंद बसण्यापेक्षा परवडतं, पण नंबर काढायचा असेल तर हे सेकंद टोचतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट सराव. एकावेळी दहा बार मारून घरी धुतलं तर काजळीचं काही कळत नाही. काळ्या पावडरीची परीक्षा सलग साठ-सत्तर बार, न पुसता, आणि जमेल तितक्या कोरड्या दिवशी. हे मे महिन्यात नाही तरी ऑक्टोबरात करता आलं असतं.

दुसरं, काजळी कुठे बसली हे बघायला फिनिक्समध्येच दहा मिनिटं लागली असती. ब्रासच्या अंगावर असेल तर ब्रास फुगत नाहीये, बार आणि गोळी बघा. नळीच्या पुढच्या टोकाला असेल तर वंगण कमी. दांडीवर असेल तर ती बंदूक, तिला काडतूस काय करणार. पण तिथे फवारे मारून सगळीकडचं पुसून टाकलं गेलं, रिव्हॉल्वरचा पुरावा वाहून गेला, रायफलीचं ब्रास फक्त आळसामुळे वाचलं.

तिसरं, एकावेळी एकच बदल. गोळी, वंगण, बार तिन्ही एकदम बदलले, रायफल सुधारली, पण कशाने किती हे आजही सांगता येत नाही. आजोबांच्या मते भारी गोळीच मुख्य. अप्पा म्हणतात वंगण. एका मेंबरने ब्रासची तोंडं बर्नरवर तापवून मऊ करून घ्यायला सांगितलं होतं, त्यानेही ४५ कोल्ट बऱ्यापैकी फुगतं, बूड मात्र अजिबात तापवायचं नसतं. ते करायची गरज पडली नाही, म्हणून ते एकटं पुरलं असतं का ते राहूनच गेलं.

आणि पहिल्यांदा उसनी बंदूक घेऊन बघणं. ते शेवटी केलं, ते अॅरिझोनाहून आल्याच्या आठवड्यात केलं असतं तर मधले तीन-चार आठवडे आणि एक डबा स्विस वाचला असता.

सध्या

धक्का कमी करायला अप्पांनी आता रिव्हॉल्वरसाठी ४५ स्कोफिल्डचं आखूड ब्रास घेतलंय, कोल्ट रेप्लिकेत ते बसतं, त्यात २८ ग्रेनच्या आसपास पावडर काठोकाठ भरते आणि मक्याचं पीठ लागत नाही. रायफलीत मात्र ते चालत नाही, कारण १८७३ च्या कॅरिअरला (काडतूस वर उचलून देणाऱ्या भागाला) काडतुसाची लांबी नेमकी लागते, आखूड काडतूस असलं की त्याच्यानंतरचं काडतूस अर्धवट आत शिरतं आणि लिव्हर जाम. म्हणजे आता दोन प्रकारची काडतुसं, दिसायला जवळजवळ सारखी. गेल्या मॅचला लोडिंग टेबलावर चुकून एक आखूड रायफलीत जाता जाता राहिलं, शेजारच्याने हात धरला. सध्या रायफलीचा डबा लाल आणि रिव्हॉल्वरचा पिवळा आहे, आणि शिवाय आखूड ब्रासच्या बुडावर मार्करने रेघ मारणं चालू आहे. रेघ धुतली की जाते, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.